शेराचा चौथा पाय

दोस्तांनो,

‘मुक्या मित्रांचा दवाखाना’ या आपल्या सदरासाठी दर आठवड्याला पुष्कळ पत्रं येतात. कुणाचा पोपट बोलत नाही, कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, कुणाचा कुत्रा चपला पळवतो! पण या वेळी वहीच्या पानावर लिहिलेलं एक पत्र वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवली. सातवीतल्या एका मैत्रिणीनं ते पाठवलं आहे. तिचं नाव-गाव मी सांगत नाही. पत्र मात्र ऐका.

‘डॉक्टरकाका, आमचा शेरा अल्सेशियन आहे. आठ वर्षांचा. दोन महिने झाले, तो पुढच्या उजव्या पायानं लंगडतोय. आजी म्हणाली, जिन्यावरून उडी मारताना मुरगळला असेल. आम्ही हळद लावली, शेकलं. चार दिवस बरं वाटलं, मग परत लंगडायला लागला. आता मनगटाच्या वर सूज आलीय. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि बाबांना म्हणाले, हाडाचा कॅन्सर असावा, पाय काढावा लागेल. बाबा म्हणतात, तीन पायांचा शेरा मला बघवणार नाही. आई म्हणते, त्याला आता आणखी त्रास नको. मला कुणीच काही विचारत नाही. काका, शेराला काय हवं असेल?’

पाहिलंत? केवढा मोठा प्रश्न विचारलाय हिनं! पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी, मी शेराला तपासलेलं नाही. त्यामुळे अमुकच करा, असं मी सांगणार नाही. ते शेराचे डॉक्टर आणि तुझे आईबाबा ठरवतील. पण ठरवण्याआधी काय काय माहीत असायला हवं, ते सांगतो. हा अंक तू आईबाबांबरोबर बसून वाच.

हाड म्हणजे दगड नव्हे

आपल्याला वाटतं, हाड म्हणजे घराचा खांब. एकदा उभा केला की झालं! पण तसं नाही बरं का. हाड जिवंत असतं. त्यात रक्त खेळतं आणि दोन प्रकारच्या पेशी रात्रंदिवस राबत असतात. एक गट गवंड्यांचा. तो नवीन हाड बांधतो. दुसरा गट पाडकामवाल्यांचा. तो जुनं, झिजलेलं हाड फोडून काढतो. या दोघांचा मेळ असतो, म्हणून तर मोडलेला हात जुळतो आणि दर वर्षी तुमची शाळेची पँट आखूड होते!

कधीतरी गवंड्यांच्या घराण्यातली एखादी पेशी बिघडते. मुकादमाचं ऐकत नाही, नकाशा बघत नाही. एकीच्या दोन, दोहोंच्या चार होत वेडंवाकडं, ठिसूळ हाड रचत सुटते. वर पाडकामवाल्यांनाही भडकवते. मग चांगलं हाड आतून पोखरलं जातं. या रोगाचं नाव ऑस्टिओसार्कोमा. कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास याच जातीचे असतात.

हा रोग मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना जास्त होतो. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, डॉबरमन आणि आपला अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड. लहानखुऱ्या पॉमेरियनला तो क्वचितच होतो. असं का? मोठ्या कुत्र्यांची हाडं फार झपाट्यानं वाढतात. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः किलोभरही नसतं आणि वर्षभरात चाळीस-पन्नास किलोंपर्यंत पोचतं. जिथे बांधकाम जोरात, तिथे चुकीची शक्यताही जास्त. काही जातींत हा धोका आईबापांकडूनही येतो.

रोगाच्या आवडत्या जागाही ठरलेल्या आहेत. डॉक्टर त्या एका ओळीत लक्षात ठेवतात : कोपरापासून दूर आणि गुडघ्याच्या जवळ. म्हणजे पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्यापाशी आणि मागच्या पायात गुडघ्याच्या वर-खाली. मागच्या पायांपेक्षा पुढच्या पायांत तो साधारण दुप्पट आढळतो. शेराची सूज कुठे आहे? मनगटाच्या वर. म्हणूनच त्याच्या डॉक्टरांना शंका आली.

आणि हे नीट ऐक. शेरानं जिन्यावरून उडी मारली म्हणून हे झालेलं नाही. तू त्याला पळवलंस म्हणूनही नाही. हा रोग एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागत नाही, माणसाला तर नाहीच. तेव्हा त्याला खुशाल जवळ घे.

लंगडणं ही त्याची तक्रार

कुत्रा ‘आई गं’ म्हणत नाही. दुखत असलं तरी आपण आलो की शेपूट हलवतोच. मग त्याची तक्रार कळायची कशी? चालण्यावरून. रोज जिना चढणारा कुत्रा पायरीशी थांबतो. उभा राहताना एका पायावर भार देत नाही. फिरायला निघतो आणि कोपऱ्यावरूनच परत फिरतो. रात्री जागा बदलत राहतो.

आजीचं चुकलं, असं मुळीच समजू नकोस. लंगडणारा कुत्रा बघून आधी मुरगळच आठवते. गोचीड तापातही सांधे दुखतात, म्हातारपणी संधिवातही असतो. पहिल्या भेटीत डॉक्टरांनाही तसंच वाटू शकतं. पण सगळ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवा. मुरगळलेला पाय आठ-दहा दिवसांत उताराला लागतो. लंगडणं दोन आठवड्यांपुढे गेलं, बरं होऊन परत आलं किंवा हाडावर टणक सूज दिसली, की शेक आणि हळद पुरे. एक्स-रे काढायलाच हवा. अशा सुजेवर मालीश तर करूच नका. पोखरलेलं हाड साध्या उडीनंही मोडू शकतं.

आणखी एक. घरातल्या डब्यातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला स्वतःहून कधीही देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतावर घाला येतो. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरच देतात.

‘असावा’ आणि ‘आहे’

तू लिहिलंयस, डॉक्टर म्हणाले, कॅन्सर ‘असावा’. हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘असावा’पासून ‘आहे’पर्यंत पोचायला काही पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी, पायाचा एक्स-रे. समोरून एक आणि बाजूनं एक. या रोगात हाड एका ठिकाणी वाळवी लागल्यासारखं दिसतं आणि तिथूनच उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या पांढऱ्या रेषा बाहेर फुटलेल्या दिसतात. गाठ सहसा सांधा ओलांडून पलीकडच्या हाडात जात नाही, ही तिची आणखी एक खूण.

पण जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे सडलेलं हाडही कधी कधी असंच दिसतं. ते औषधानं बरं होऊ शकतं. म्हणून दुसरी पायरी, गाठीचा नमुना. गुंगी देऊन बारीक सुईनं थोड्या पेशी काढतात किंवा जाड सुईनं हाडाचा छोटा तुकडा काढतात. याला बायॉप्सी म्हणतात. तज्ज्ञ तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मग कळतं ‘आहे’ की ‘नाही’.

तिसरी पायरी, रक्ततपासणी. भूल सोसेल का, मूत्रपिंडं ठीक आहेत का, हे त्यावरून समजतं. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचा एक घटक रक्तात वाढलेला असेल, तर रोगाचा जोर जास्त आहे असं समजतात. चौथी पायरी, छातीचा एक्स-रे. अरेच्चा, पायाच्या दुखण्यात छातीचं काय काम? सांगतो.

गाजरगवताची बी

गाजरगवत पाहिलंय ना? पटांगणात एक झाड दिसलं, उपटून टाकलं. पण तोवर त्याची बी पसरलेली असते. पुढच्या पावसात जिकडे तिकडे गाजरगवत! या कॅन्सरचंही तसंच आहे. त्याच्या पेशी रक्तातून निघतात आणि बहुधा फुप्फुसांत जाऊन बसतात. निदान होतं तेव्हा छातीच्या एक्स-रेत गाठी दिसणारे कुत्रे दहांत एखादाच. पण दहांपैकी नऊ कुत्र्यांत पेशी आधीच तिथे पोचलेल्या असतात. गाठ जवळजवळ वाटाण्याएवढी झाल्याशिवाय एक्स-रेत नीट दिसत नाही, म्हणून त्या सापडत नाहीत.

त्यामुळे उपचारांपुढे दोन कामं असतात. एक, पायातली वेदना संपवणं. दोन, लपलेल्या बियांना रोखणं. पाय काढल्यानं पहिलं काम होतं. दुसऱ्यासाठी केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं.

त्यातल्या एका औषधाची गंमत ऐका. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा परिणाम तपासत होते. विजेसाठी वापरलेल्या पट्ट्या प्लॅटिनमच्या होत्या. झालं काय, तर जंतूंची संख्या वाढेनाशी झाली! ती किमया विजेची नव्हती, पट्ट्यांमधून विरघळलेल्या प्लॅटिनमची होती. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आलं आणि नंतर त्याचंच धाकटं भावंड कार्बोप्लॅटिन. आज कुत्र्यांच्या हाडाच्या कॅन्सरमध्ये कार्बोप्लॅटिन पुष्कळ वापरतात. दर तीन आठवड्यांनी सलाईनसारखं शिरेतून देतात, असं चार ते सहा वेळा.

केमोथेरपी म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर केस गेलेला, सारखा ओकणारा रुग्ण येत असेल. कुत्र्यांना डोस बेतानं देतात. एखाद-दोन दिवस उलटी, मंद भूक, काही दिवसांनी पांढऱ्या पेशी कमी होणं, इतपत त्रास होऊ शकतो. पण बहुतेक कुत्र्यांचे केस टिकतात. औषध दिल्यावर काही दिवस त्याची शी-शू मात्र मुलांनी उचलायची नाही. ते काम मोठ्यांचं, तेही हातमोजे घालून.

आता खरे आकडे सांगतो. लपवून काय उपयोग? शंभर कुत्रे किती दिवस जगले त्या क्रमानं रांगेत उभे केले, तर मधल्या कुत्र्याचा आकडा काय येतो ते पाहायचं. नुसता पाय काढला तर हा मधला आकडा चार-पाच महिने. पाय काढून केमोथेरपी दिली तर दहा-बारा महिने. अशा शंभरांतले वीसेक दोन वर्षांपुढेही जातात. म्हणजे रोग पुरता बरा होणारे थोडे. पण आठ वर्षांच्या कुत्र्याच्या आयुष्यात चांगलं एक वर्ष फार मोठं असतं.

तीन पायांचं काय?

बाबा म्हणतात, बघवणार नाही. मी बाबांना समजू शकतो. पण हे दुःख बाबांचं आहे. शेरानं कधी आरशात बघून पाय मोजलेले नाहीत! लोक काय म्हणतील, ही काळजी त्याला नाही. त्याला फक्त दुखतंय. आणि हाडाच्या कॅन्सरची वेदना फार तीव्र असते. दुखणारा पाय तो आत्ताही टेकवत नाही. म्हणजे एका अर्थी शेरा दोन महिने तीन पायांवरच चालतोय, वर चौथ्याची कळ सोसतोय.

ऑपरेशननंतर बहुतेक कुत्रे एक-दोन दिवसांत उभे राहतात आणि काही आठवड्यांत तोल सांभाळून पळूही लागतात. कुत्र्याचं शंभरातलं साठ भाग वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे पुढचा पाय गेला तर सवयीला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच.

पण प्रत्येकाला हे जमेल असंही नाही. अल्सेशियनमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. बाकीचे तीन पाय भार पेलतील ना, वजन जास्त नाही ना, हे आधी तपासावं लागतं. डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा. घरात गुळगुळीत फरशी असेल तर जुन्या सतरंज्या अंथरून ठेवा. जिन्याला काही दिवस सुट्टी!

पाय न काढता फक्त रोगट हाड काढायचं आणि तिथे दुसरं हाड किंवा धातूचा भाग बसवायचा, अशीही शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात डॉ. स्टीफन विथ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कुत्र्यांवर ही पद्धत विकसित केली. मनगटावरच्या गाठीसाठी ती चांगली लागू पडते. पण ती अवघड आहे, खर्चिक आहे आणि तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका बराच असतो.

ऑपरेशन शक्यच नसेल तर? तरीही हात टेकायचे नाहीत. किरणोपचारांनी पुष्कळ कुत्र्यांच्या वेदना काही काळ कमी होतात, पण ही सोय गावोगाव नसते. हाड पोखरणं मंदावणारी झोलेड्रोनेटसारखी औषधं आणि कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं यांचाही आधार असतो. आयुष्याचे दिवस यानं फार वाढत नाहीत, पण आहेत ते दिवस सुसह्य होतात.

आणि खर्चाबद्दलही मोकळेपणानं बोला. आईबाबा पैशांचा हिशेब करताना दिसले, तर त्यांचं शेरावर प्रेम कमी आहे, असं कुणी मुलांनी समजायचं नाही हं.

कुत्र्यांनी दिलेली मदत

ऑस्टिओसार्कोमा माणसांनाही होतो आणि तो मुख्यतः उंची भराभर वाढण्याच्या वयात. घाबरू नका, हा रोग फार दुर्मीळ आहे. खेळून दमल्यावर पाय दुखतात ते वेगळं. पण एकाच जागी आठवडेच्या आठवडे दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तिथे सूज असेल, तर आईबाबांना सांगायला लाजू नका.

कॅनडातल्या टेरी फॉक्सचं नाव ऐकलंय? १९७७ साली, अठराव्या वर्षी, याच रोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. १९८० मध्ये कृत्रिम पाय लावून तो कॅन्सर-संशोधनासाठी निधी जमवायला धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर! मग थांबावं लागलं, कारण रोग फुप्फुसांत पोचला होता. तीच गाजरगवताची बी. १९८१ मध्ये तो गेला.

पूर्वी केवळ पाय काढत, तेव्हा असे दहांत दोन रुग्ण वाचत. आज रोग पसरण्याआधी सापडला, तर केमोथेरपी आणि ऑपरेशन मिळून दहांत सहा-सात वाचतात. यात कुत्र्यांचाही वाटा आहे. पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रियेत पशुवैद्यांना जे समजलं, ते मुलांच्या डॉक्टरांना उपयोगी पडलं. मिफामुर्टाइड हे औषध आधी आजारी कुत्र्यांना दिलं गेलं, त्यांचं आयुष्य वाढलेलं दिसलं. पुढे २००९ मध्ये युरोपात ते मुलांसाठी आणि तरुणांसाठी मंजूर झालं. प्रयोगशाळेत मुद्दाम आजारी पाडलेले हे कुत्रे नव्हते बरं का. ते तुमच्या-आमच्या शेरासारखे घरचे, आपोआप आजारी पडलेले कुत्रे होते.

शेराला काय हवं असेल?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. शेराला उद्याची चिंता नाही. त्याला आज दुखायला नको. जेवायला हवं, फाटकापर्यंत चक्कर हवी आणि संध्याकाळी तू हवीस. पाय ठेवायचा की काढायचा, हे ठरवताना मोठ्यांनी याच गोष्टी मोजाव्यात. कशानं त्याचे चांगले दिवस जास्त मिळतील? आपल्याला काय बघवेल, हा प्रश्न त्यानंतरचा.

मोजायचं कसं? हे काम तुझं! भिंतीवरचं कॅलेंडर घे. रोज रात्री चार गोष्टी बघ. शेरा नीट जेवला का? आपणहून उठला का? झोपला का? तू आलीस तेव्हा शेपूट हलवली का? दिवस चांगला गेला तर तारखेवर बरोबरची खूण, वाईट गेला तर फुली. डॉक्टरांकडे जाताना ते पान बरोबर ने. तुला कुणी विचारत नाही म्हणतेस ना? बघ, ते पान पाहिल्यावर डॉक्टर आधी तुलाच विचारतील.

कदाचित पुढे एक दिवस असा येईल, की ओळीनं फुल्याच फुल्या असतील आणि कुठल्याच औषधानं त्याचं दुखणं थांबणार नाही. तेव्हा डॉक्टर इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे, वेदनेशिवाय निरोप देऊ शकतात. आईबाबांना माझी विनंती आहे, त्या वेळी मुलीपासून काही लपवू नका. ‘शेरा पळून गेला’ असं सांगू नका. तिनं इतके दिवस कॅलेंडर भरलेलं असेल. तिला खरं कळायला हवं आणि हवं असेल तर शेराच्या डोक्यावर हात ठेवून बसता यायला हवं.

पण तो दिवस आज नाही. आज बायॉप्सीचं विचारा, छातीचा एक्स-रे काढा, बाकीचे तीन पाय तपासून घ्या आणि शेराची वेदना आजपासूनच कमी करणारं औषध मागा.

आणि बाकीच्या दोस्तांनो, तुम्हालाही या आठवड्याचा उद्योग देतो. घरी कुत्रा असेल तर रविवारी सकाळी त्याला जवळ बसवा. चारही पायांवरून खांद्यापासून पंजापर्यंत हलकेच हात फिरवा. डावा-उजवा सारखा लागतो का ते बघा. मग त्याला दोरी लावून चालवा आणि मागून, पुढून, बाजूनं चाल बघा. काही वेगळं दिसलं तर वहीत तारीख लिहून ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा.

शेराच्या मैत्रिणी, काय ठरलं ते कळव. कॅलेंडरवरच्या बरोबरच्या खुणा मोजून लिही. मी वाट बघतोय.

तुमचा,
डॉक्टरकाका